रिकाम्या मुठीची साद

१

धोंडीबाचा दिवस मिठाच्या मुठीनं सुरू व्हायचा. तोंड धुणं, चहा, सगळं नंतर. उठल्याबरोबर पिशवीत हात घालायचा, जाडं मीठ मुठीत घ्यायचं, मेंढरांच्या जाळीपाशी जायचं आणि साद द्यायची. ही साद त्याच्या बापाची, त्याच्याही आधी आज्याची. आधी जीभ टाळ्याला लावून दोनदा टकटक, मग पोटातून काढलेला लांब ‘हौऽऽ’, आणि शेवटी श्वास आत ओढून तोडलेला एक बारीक आवाज. राणीसावरगावच्या शिवारात मेंढरंवाले काही कमी नव्हते, पण एकाच्या सादेला दुसऱ्याचं मेंढरू कानसुद्धा हलवत नसे.

बापानं त्याला एकच नियम शिकवला होता. “मूठ भरल्याली असंल तरच साद द्यायची. बोलवलं आन् हात रिकामा, तर जनावर ते इसरत न्हाई.” बाप जाऊन जमाना झाला, धोंडीबाची साठी उलटली, तरी तो लग्नाला गेला काय आणि दवाखान्यात गेला काय, सदऱ्याच्या खिशात मीठ असायचंच. भिवराबाई, त्याची बायको, कपडे धुताना खिसे उलटे करायची आणि त्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार करायची. तिला ती साद कधी द्यावीच लागली नाही. ती मेंढरांना नावानं हाका मारायची, आणि मेंढरं धोंडीबापेक्षा तिचंच जास्त ऐकायची.

माघातली सकाळ होती. परदेशात नोकरी करणाऱ्या पोराकडून परत येऊन धोंडीबाला आठवडाही झाला नव्हता. कळप रंगनाथ गुरुजींच्या रानात बसवला होता. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन शेती बघायचे. कपाशीची पऱ्हाटी उपटून रान मोकळं झालं की खतासाठी मेंढरं त्यांच्याकडंच बसायची, हे ठरलेलं. शिवारावर धुकं होतं, ओल्या मातीचा वास येत होता. धोंडीबा मूठ भरून जाळीपाशी गेला आणि साद न देताच थबकला.

थंडीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून एक गठ्ठा होऊन बसतात. आज ती उभी होती. गोल करून, तोंडं आत करून. मध्ये एखाद्या खळ्याएवढी जागा मोकळी सोडली होती. एकही कोकरू त्या जागेत पाय टाकत नव्हतं.

धोंडीबानं डोळे चोळले. मग त्याला वाटलं, मधे साप असेल, किंवा मुंग्यांचं वारूळ फुटलं असेल. त्यानं काठी आपटली, तशी मेंढरं हलली, गोल मोडला, आणि सकाळ रोजच्यासारखी झाली. चहा पिताना तो ते विसरूनही गेला असता.

“आज पण गोल हुबी होती का?” भिवराबाईनं चुलीपुढून विचारलं.

२

“आज पण म्हंजे?”

“तुमी तिकडं गेल्यावर सुरू झालंय. एका ऐतवारी.” भिवराबाईनं फुंकणी बाजूला ठेवली. “दुपारचं मी बाभळीखाली बसले व्हते. मेंढरं सावलीला. आन् तुमची साद ऐकू आली.”

“माझी?”

“मग कुणाची? मला वाटलं, न सांगता आलाव की काय. मी ज्वारीत जाऊन बघितलं, वढ्यात बघितलं. कुणी न्हाई. माघारी येऊन बघते तर सगळी मेंढरं उन्हात गोल करून हुबी. आन् आपला सरकार त्या गोलाच्या काठावर. एक एक पाय मागं टाकायला.”

सरकार हा कळपातला एडका, म्हणजे नर मेंढा. अंग पांढरं, मान काळी, शिंगांना दोन वेढे. त्याची आई वितानाच मेली, तेव्हा भिवराबाईनं त्याला शेळीचं दूध बाटलीनं पाजून, स्वतःच्या घोंगडीत निजवून जगवलं होतं. पोरगा रामप्रसाद नोकरीसाठी परदेशी गेला त्याच वर्षी. लोक चेष्टेनं म्हणत, म्हातारीनं एक लेक धाडला आणि दुसरा घरात घेतला. ती ते हसून ऐकून घ्यायची आणि खोटं आहे असं कधी म्हणायची नाही.

“कान वाजले असतील तुझे,” धोंडीबा म्हणाला.

“मेंढरांचे पण वाजले व्हय?”

धोंडीबानं कपातला गार चहा एका दमात संपवला. ऐतवार म्हटल्यावर तिकडचा एक ऐतवार त्याला आठवला होता, पण तो त्याला चाचपून बघायचा नव्हता.

३

इंडोनेशिया हे नाव त्याला अजून नीट घेता येत नव्हतं. रामप्रसाद तिथल्या बांडुंग शहरात एका सूतगिरणीत होता. सून शीलाला मुलगी झाली, म्हणून त्यानं आईबापाला बोलावलं, दोघांची तिकिटं काढली. ऐन वेळी भिवराबाई अडून बसली. मेंढ्या विण्याच्या दिवसांत कळप दुसऱ्याच्या हाती देणं तिला जमणार नव्हतं. धोंडीबाचा नवा सदरा तिनंच घडी घालून दिला आणि खिसे दोनदा झटकून बघितले. “इमानात मीठबीठ नेऊ नका. पोराला खाली बघायला लावताल.”

तिथं सातव्या मजल्यावरच्या घरात धोंडीबा बसून बसून आंबून गेला. नातीला मांडीवर घ्यायचं, खिडकीतून पाऊस बघायचा, जेवायचं. बापाचं मन रमवायचं म्हणून रामप्रसाद एका ऐतवारी त्याला गाडीत घालून डोंगरातल्या गावात घेऊन गेला. “आबा, इथली मेंढरं बघून घ्या. टकरा लावतात यांच्या. काही लोक म्हणतात हे बंद करा, काही म्हणतात वाडवडलांपासून चालत आलंय. मारत न्हाईत पण. टकरा मोजतात आणि सोडवतात.”

पुढचं सगळं धोंडीबाला झोपेत बघितल्यासारखं आठवायचं. डोंगरावरून ढग खाली उतरून माणसांमधून चालले होते. काळ्या कपड्यांतली माणसं चिखलात गोल करून उभी. एका बाजूला ढोल आणि सनईसारखं काहीतरी वाजत होतं, आणि त्यावर म्हातारे दोन्ही हात पसरून हळूहळू नाचत होते. एडके गळ्यात माळा घालून आले. त्यांची शिंगं तेल लावून चकचकीत केलेली. लोक त्यांची पाठ चोळत होते, कानात काहीतरी सांगत होते, इतक्या मायेनं की धोंडीबाचा जीव सुखावला. ही आपलीच माणसं आहेत असं त्याला वाटलं.

मग दोन एडके समोरासमोर मागं सरले. मागं, आणखी मागं. धावले. टक्. आवाज डोंगराला लागून परत आला.

एडके टकरा घेतातच. धोंडीबाच्याही कळपात घ्यायचे. पण तिथं ज्याला नको झालं तो मान फिरवून चरायला लागतो, आणि विषय संपतो. इथं मान फिरवायला जागा नव्हती. माणसं होती, माणसांचे हात होते, आणि ते हात पाठ चोळून पुन्हा पुन्हा समोर उभं करत होते. त्यातल्या एकाचं अंग पांढरं होतं आणि मान काळी. शिंगाच्या मुळातून रक्ताचा धागा त्याच्या डोळ्यात उतरत होता. तो मागं सरायचा तेव्हा त्याचे पुढचे पाय थरथरत. रामप्रसादनं फोनवर चित्र घ्यायचं थांबवलं होतं.

“सोडा की रं त्याला आता,” धोंडीबा पुटपुटला. त्याची भाषा तिथं कुणाला येत होती?

आणि मग त्याच्या तोंडातून साद गेली. त्यानं दिली असं म्हणणं खरं होणार नाही. ठेच लागल्यावर जसं आई गं निघतं, तशी निघाली. टकटक, लांब हौऽऽ, आणि तुटलेला श्वास.

दुसऱ्याचं मेंढरू त्याच्या सादेला कधी वळलं नव्हतं. हे वळलं. धावता धावता त्यानं मान वळवली आणि गर्दीतून नेमकं धोंडीबाकडं बघितलं. समोरच्याची टक्कर त्याच्या मानेवर बसली. या वेळी आवाज ओला होता. ढोल थोडा वेळ तसाच वाजत राहिला, मग थांबला. एडका चिखलात आडवा पडून जीव जाईपर्यंत धोंडीबाकडं बघत होता, आणि धोंडीबाचा हात सवयीनं खिशात गेला होता. खिशात विमानात मिळालेली एक गोड गोळी होती, कागदासकट.

“काय झालं आबा? तुमी वरडलाव का?” गाडीत रामप्रसादनं विचारलं.

“न्हाई. खोकला आला,” धोंडीबा म्हणाला.

४

रंगनाथ गुरुजी म्हणजे कशालाच न भिणारा माणूस. अंगात येणं, उतारा, करणी असलं कुणी बोललं की ते शांतपणे चष्मा पुसायचे, आणि बोलणाऱ्याचाच आवाज बारीक व्हायचा. धोंडीबानं त्यांना गोलाचं सांगितलं, ऐतवारचं सांगितलं नाही.

“जमिनीत काही तरी असेल. जनावराला वास येतो,” गुरुजी म्हणाले आणि स्वतः कुदळ घेऊन आले. दोघांनी मधली जागा गुडघाभर खणली. काळी माती निघाली, पऱ्हाटीची मुळं निघाली. बीळ नाही, वारूळ नाही.

“जागा बदला मग. खामखा डोक्याला ताप कशाला?”

जाळी उचलून रानाच्या दुसऱ्या टोकाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मुद्दाम फिरत आले. धुक्यात मेंढरं उभी होती. गोल करून, मध्ये तेवढीच जागा सोडून. गुरुजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“तुला प्रवासाचा शीण आहे धोंडीबा,” ते म्हणाले. मेंढरांच्या गोलाला धोंडीबाच्या शिणाशी काय घेणंदेणं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

त्याच वेळी सरकार गोलाच्या काठावर आला. त्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं आणि एक पाय मागं टाकला. मग दुसरा. एडका असा मागं सरतो तेव्हा समोर कुणीतरी तसाच मागं सरत असतो. धोंडीबाला हे जन्मापासून ठाऊक होतं. त्यानं धावत जाऊन सरकारच्या शिंगाला हात घातला आणि साद दिली. मूठ भरलेली होती, मीठ नाकापाशी नेलं. सरकारनं मिठाला तोंड लावलं नाही. तो धोंडीबाच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

५

मग आवाज यायला लागला. पहाटे उजाडताना एकदाच. टक्.

“लाकडं फोडायलंय का कुणी?” भिवराबाई अंथरुणातून विचारायची.

धोंडीबा उठून बघायचा. सरकार कडुलिंबाच्या झाडाला बांधलेला, दावं जिथल्या तिथं, गाठ तशीच. आणि शिंगाच्या मुळाशी ताजं रक्त. कळपात दुसरा मोठा एडका नव्हता. झाडाला घासत असेल म्हणून भिवराबाईनं बुंध्याला पोती गुंडाळली. पोत्यांवर रक्ताचा ठिपका पडला नाही आणि सरकारच्या डोक्यावरची जखम मात्र मोठी होत गेली.

गंगाखेडहून जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं सरकारचं डोकं दाबून बघितलं, डोळ्यात उजेड टाकला. “टकरा कुणासंगं लावताय याच्या?” त्यानं रागानंच विचारलं. “कवटी दुखावलीय. आणखी एक बसली तर हे जनावर वाचायचं नाही. सांगून ठेवतो.”

डॉक्टर गेल्यावर भिवराबाई सरकारच्या गळ्यात हात टाकून बसली. ती रडणारी बाई नव्हती. पोरगं विमानात बसलं तेव्हाही तिनं पदर डोळ्याला लावला नव्हता. आता तिचे डोळे भरले होते आणि ते ती लपवतही नव्हती.

“सरकारला काय झालं तर मी तुमच्याशी बोलायची न्हाई,” ती म्हणाली. “तुमी काय तरी बांधून आणलंय तिकडून. मला दिसत न्हाई का? पाटावर जेवायला बसताव आन् खिसे चाचपताव.”

तेव्हा धोंडीबानं सगळं सांगितलं. ढग सांगितले, ढोल सांगितला, काळी मान सांगितली. साद सांगताना त्यानं रिकामा तळवा उघडून दाखवला. “मी त्याला बोलवलं गं. ते मान वळवून आलं, आन् माझ्या हातात काय नव्हतं.”

तो शिव्यांची वाट बघत होता. भिवराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सुनेला स्वयंपाकातली चूक सांगावी तितक्या साध्या आवाजात म्हणाली, “मग द्या की त्याला मीठ. पाव्हण्याला बोलवून दारात हुबं ठेवलंय तुमी. त्यो दुसरं काय करंल? घरातल्यालाच धडका दील.”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हानं रान पांढरं दिसत होतं. वारा पडला होता. मेंढरं बाभळीच्या सावलीत बसायची सोडून उघड्यावर उभी होती, गोल करून. त्यांच्या रवंथाचाही आवाज नव्हता. थोड्या अंतरावर मुक्कामाच्या पालापाशी भिवराबाई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि त्या आवाजाचा धोंडीबाला आधार वाटत होता.

सरकारला लिंबाला दुहेरी दाव्यानं बांधलं होतं. धोंडीबानं गाठ ओढून बघितली. मग उजवी मूठ मिठानं भरली, मेंढरांमधून वाट काढली आणि मोकळ्या जागेत पाय टाकला.

पायाखाली जमीन ओली लागली. माघातलं ऊन डोक्यावर, आठ दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि जमीन ओली. वास आला तो इथल्या मातीचा नव्हता. डोंगरावरच्या गवताचा, तेल लावलेल्या शिंगांचा. कुठंतरी फार लांब ढोल वाजत असल्यासारखं वाटलं, पण ते त्याचं काळीज असेल.

त्यानं साद दिली. टकटक, लांब हौऽऽ, तुटलेला श्वास. मूठ उघडून तळवा पुढं धरला आणि नजर खाली ठेवली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोटांवर उबदार श्वास आला. ओठ लागले, मऊ, ओले. खरखरीत जीभ तळव्यावरून फिरली, आणि मिठाचे खडे त्याच्या डोळ्यांदेखत एक एक करून कमी व्हायला लागले. धोंडीबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. भीतीचं नव्हतं ते. कुणाचं तरी देणं फिटताना छाती जशी मोकळी होते, तसं झालं त्याला.

“खा बाबा,” तो म्हणाला. “खा. चुकलं माझं.”

त्यानं नजर किंचित वर केली. तेवढंच. चिखलानं भरलेला एक खूर. माळेचा तुटका दोरा. काळी मान, आणि ती ज्या बाजूला कललेली होती त्या बाजूला कुठलीच मान कलत नाही. त्यानं पटकन डोळे खाली घेतले. तळव्यावर शेवटचा खडा उरला होता. जिभेनं तोही उचलला, आणि हाताला नुसती हवा लागली.

७

जमीन कोरडी झाली होती. धोंडीबानं मोठा श्वास घेतला आणि मान वर केली.

समोर, गोलाच्या काठावर, सरकार उभा होता. त्याच्या गळ्यात दाव्याचं तुटकं टोक लोंबत होतं. तो एक पाय मागं टाकत होता. मग दुसरा. त्याला वाटत होतं, समोरचा गडी अजून तिथंच आहे, आणि धोंडीबा नेमका मधे उभा होता.

धोंडीबा घाबरला नाही. मारका एडका अंगावर येताना काय करायचं ते त्याला पोरवयापासून येत होतं. एडक्याच्या डोळ्यांत डोळा ठेवायचा. त्यानं डोकं खाली घातलं की एक पाऊल बाजूला. बस. नजर मात्र हटवायची नाही. एकदा हा धावला आणि मोकळ्या हवेतून पलीकडं निघून गेला, की त्यालाही कळेल की समोर आता कुणी नाही. मग सगळं संपेल. संध्याकाळी भिवराबाई त्याच्या जखमेला हळद लावेल.

सरकार आणखी मागं सरला. थांबला. धावला.

पालाकडून भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला होता, हे धोंडीबाच्या तेव्हा ध्यानात आलं.

आणि साद आली. त्याच्या बापाची, आज्याची साद. जीभ टाळ्याला लावून दोनदा टकटक, पोटातून निघालेला लांब हौऽऽ, आणि आत ओढून तोडलेला श्वास. एवढी वर्षं नुसती ऐकून ऐकून पाठ झालेली, कुठंही न चुकलेली. सरकारला वळवायला दिलेली. नावानं हाक मारायचं भिवराबाई या वेळी विसरली होती.

सरकारचा कानसुद्धा हलला नाही.

धोंडीबाला माहीत होतं की वळायचं नाही. तरी, सरकार अंगावर येत असताना, त्यानं मान वळवली. मेंढरांच्या गोलापलीकडं भिवराबाई धावत येत होती. कोपरापर्यंत पीठ लागलेले तिचे दोन्ही हात वर होते, तळवे उघडे होते, आणि त्यांत काहीच नव्हतं.